स्टीमवरील खेळांची साठवण आणि डाउनलोड

स्टीम ही अमेरिकेतील व्हॉल्व्ह कॉर्पोरेशन या कंपनीची संगणकीय खेळ (गेम) विकणारी, ते ग्राहकाच्या संगणकावर पोहोचवणारी आणि वेळोवेळी अद्ययावत करणारी सेवा आहे. स्टीमवरून घेतलेले खेळ संगणकाच्या एक किंवा अनेक ड्राइव्हवर साठवता येतात, एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवता येतात आणि काढून टाकल्यावर पुन्हा विनामूल्य उतरवून घेता येतात. खेळांचे आकार वाढत गेल्याने साठवणीची जागा आणि डाउनलोडचा वेग या दोन बाबी वापरकर्त्यांच्या नित्याच्या अडचणी ठरल्या आहेत. या दोन्ही अडचणी वेगवेगळ्या मानल्या जात असल्या तरी त्यांचा परस्परांशी निकटचा संबंध आहे. डाउनलोड मंदावल्याचे दिसते तेव्हा दोष आंतरजाल जोडणीचा नसून संगणकातील डिस्कचा असण्याची शक्यता बरीच असते.

या लेखातील माहिती मुख्यतः विंडोज प्रणालीवरील स्टीमसंबंधी आहे.

पार्श्वभूमी

स्टीमचा प्रारंभ १२ सप्टेंबर २००३ रोजी झाला. नोव्हेंबर २००४ मध्ये प्रकाशित झालेल्या 'हाफ-लाइफ २' या खेळासाठी व्हॉल्व्हने स्टीम अनिवार्य केले. दुकानातून तबकडी विकत घेणाऱ्यालाही स्टीमवर खाते उघडून खेळ सक्रिय करावा लागे. त्या काळी हा निर्णय अनेकांना जाचक वाटला होता. तो खेळ एका डीव्हीडीवर मावत असे. एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असते. २०२३ मध्ये आलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या खेळासाठी १५० जीबी जागा लागते, म्हणजे तो अशा तबकड्यांवर द्यायचा झाल्यास तिसाहून अधिक तबकड्या लागल्या असत्या. त्याच वर्षीच्या 'स्टारफील्ड'साठी १२५ जीबी जागा लागते आणि या दोन्ही खेळांच्या किमान आवश्यकतांत एसएसडीचा स्पष्ट उल्लेख आहे.

वेष्टनावर ५०० जीबी असे छापलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते. यात कोणतीही फसवणूक नाही. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट असे धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. विंडोज प्रणाली आणि इतर सामग्रीची जागा वजा केली, की ५०० जीबीच्या डिस्कवर वर उल्लेखिलेल्या आकाराचे दोन खेळ सहज मावतात, तिसऱ्यासाठी ओढाताण सुरू होते. दुसरा ड्राइव्ह जोडण्याची गरज येथूनच निर्माण होते.

साठवणीची साधने

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या आणि त्यांवरून सरकणारे वाचनशीर्ष असते. सलग लिहिलेली माहिती ती सेकंदाला १०० ते २०० एमबी या वेगाने वाचू शकते, मात्र माहिती विखुरलेली असल्यास शीर्षाला प्रत्येक वेळी नव्या जागी जावे लागते आणि वेग सेकंदाला काही एमबीपर्यंत कोसळतो. एसएसडीत हलणारा भाग नसतो. साटा जोडणीच्या एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबी, तर एनव्हीएमई प्रकारात तो काही हजार एमबी असतो. खेळाच्या दृष्टीने या मोठ्या आकड्यांपेक्षा विखुरलेली माहिती चटकन वाचण्याची क्षमता अधिक महत्त्वाची ठरते.

हार्ड डिस्कच्या या मर्यादेचा खेळांच्या आकारावरही परिणाम झाला आहे. शीर्षाची धावपळ वाचावी म्हणून काही निर्माते एकच चित्र किंवा ध्वनी निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा साठवतात. 'हेलडायव्हर्स २' हा स्वीडनच्या ॲरोहेड गेम स्टुडिओजचा खेळ याचे ठळक उदाहरण आहे. त्याची संगणकावरील आवृत्ती सुमारे १५४ जीबीपर्यंत फुगली होती. डिसेंबर २०२५ मध्ये ही पुनरावृत्ती काढून टाकलेली चाचणी आवृत्ती देण्यात आली तेव्हा तिचा आकार सुमारे २३ जीबी भरला. म्हणजे हार्ड डिस्क वापरणाऱ्या अल्पसंख्य खेळाडूंच्या सोयीसाठी उरलेले सर्वजण सव्वाशे जीबीहून अधिक जागा आणि तेवढाच डेटा खर्च करीत होते.

एसएसडीलाही मर्यादा आहेत. स्वस्त एसएसडीत लिहिण्यासाठी एक लहानसा वेगवान भाग राखलेला असतो. मोठा खेळ उतरवताना तो भाग भरला, की लिहिण्याचा वेग एकदम घटतो. काही डिस्कमध्ये तो हार्ड डिस्कच्याही खाली जातो. डिस्क जवळजवळ पूर्ण भरलेली असेल तर हे लवकर घडते, म्हणून थोडी जागा नेहमी मोकळी ठेवणे इष्ट असते.

लायब्ररी फोल्डर

स्टीम आपले खेळ 'लायब्ररी' म्हणवल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवते. मूळ लायब्ररी सी ड्राइव्हवर, स्टीम जेथे बसवलेले असेल तेथेच असते. तिच्या आत 'स्टीमॲप्स' हा फोल्डर, त्यात 'कॉमन' हा उपफोल्डर आणि त्यात प्रत्येक खेळाचा स्वतंत्र फोल्डर अशी रचना असते. 'स्टीमॲप्स'मध्येच प्रत्येक खेळाची एक छोटी नोंदफाइल असते. तिच्या नावात खेळाचा क्रमांक येतो; 'हाफ-लाइफ २'चा क्रमांक २२० आहे. खेळ कोणत्या आवृत्तीचा आहे आणि पूर्ण उतरला आहे की नाही, हे स्टीम या नोंदीवरून ठरवते.

दुसऱ्या ड्राइव्हवर लायब्ररी तयार करण्यासाठी सेटिंग्जमधील 'स्टोरेज' या पानावर जाऊन ड्राइव्ह जोडावा लागतो. हे पान २०२१ मध्ये नव्या स्वरूपात आले. प्रत्येक ड्राइव्हवर किती जागा खेळांनी, किती इतर सामग्रीने व्यापली आहे आणि किती मोकळी आहे, हे तेथे पट्टीच्या रूपात दिसते. नवे खेळ मुळातच कोणत्या ड्राइव्हवर जावेत, हेही तेथे ठरवता येते. ही निवड न केल्याने सी ड्राइव्ह नकळत भरत जाण्याचा प्रकार सर्रास घडतो.

बाह्य ड्राइव्हवरही लायब्ररी ठेवता येते. फॅट३२ या जुन्या पद्धतीने आखलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल राहू शकत नाही, त्यामुळे तो आजच्या खेळांसाठी निरुपयोगी ठरतो. विंडोजवर एनटीएफएस पद्धत सोयीची असते. यूएसबी २.० जोडणीवर प्रत्यक्ष वेग सेकंदाला ४० एमबीच्या आतच राहतो. निळ्या रंगाचे छिद्र हे बहुधा यूएसबी ३.० चे असते. ड्राइव्ह तेथे जोडावा. बाह्य ड्राइव्हचे अक्षर बदलले (उदा. 'ई'चे 'एफ' झाले) तर स्टीमला लायब्ररी सापडत नाही आणि सारे खेळ नाहीसे झाल्यासारखे भासतात. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये अक्षर पूर्ववत केले, की ते पुन्हा दिसू लागतात.

कोणता खेळ कोठे ठेवावा, याचा निर्णय खेळाच्या स्वरूपावर अवलंबून असतो. विस्तीर्ण भूप्रदेशाचे अलीकडील खेळ चालू असतानाच सतत डिस्कवरून माहिती वाचतात. ते हार्ड डिस्कवर ठेवल्यास दृश्य अडखळते. 'सायबरपंक २०७७'च्या निर्मात्यांनी २०२३ मधील २.० या आवृत्तीपासून किमान आवश्यकतांतून हार्ड डिस्क वगळली. जुने किंवा छोटे खेळ हार्ड डिस्कवर विनातक्रार चालतात. सध्या न खेळले जाणारे मोठे खेळ हार्ड डिस्कवर ठेवून गरजेप्रमाणे एसएसडीवर आणणे, हा मध्यममार्ग पुष्कळजण पत्करतात.

खेळ हलवणे

खेळाच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'इन्स्टॉल्ड फाइल्स' या भागातून किंवा 'स्टोरेज' पानावरून खेळ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतो. स्टीम प्रथम फाइलींची प्रत करते आणि नंतर मूळ फाइली पुसते. १०० जीबीचा खेळ सेकंदाला १०० एमबी वेगाच्या हार्ड डिस्कवर हलवण्यास सुमारे १७ मिनिटे लागतात. तोच खेळ ४० एमबीपीएसच्या जोडणीवरून पुन्हा उतरवल्यास साडेपाच तास लागतील. त्यामुळे जागेच्या टंचाईत खेळ काढून टाकण्याऐवजी हलवणे सामान्यतः श्रेयस्कर असते.

विंडोज नव्याने बसवताना खेळ पुन्हा उतरवावे लागतात, हा समज चुकीचा आहे. लायब्ररी दुसऱ्या ड्राइव्हवर असेल आणि तो ड्राइव्ह पुसला गेला नसेल, तर स्टीम पुन्हा बसवून तीच लायब्ररी जोडली की खेळ ओळखले जातात. केवळ खेळाचा फोल्डर प्रत करून ठेवला असेल आणि नोंदफाइल नसेल, तर तो फोल्डर 'कॉमन'मध्ये ठेवून 'इन्स्टॉल' हा पर्याय निवडावा. स्टीम आधीच्या फाइली तपासते आणि जेवढे कमी असेल तेवढेच उतरवते. फोल्डरचे नाव मात्र मूळचेच असले पाहिजे.

खेळाची प्रगती साठवणाऱ्या फाइली (सेव्ह फाइली) हा या विषयातील सर्वांत नाजूक भाग आहे. खेळ पुन्हा उतरवता येतो, पण त्यात घातलेले शंभर तास पुन्हा मिळवता येत नाहीत. या फाइली बहुतेकदा खेळाच्या फोल्डरमध्ये नसून 'डॉक्युमेंट्स', 'सेव्ह्ड गेम्स' किंवा लपवलेल्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर असतात. परिणामी, खेळ दुसऱ्या ड्राइव्हवर सुरक्षित असूनही सी ड्राइव्ह पुसल्यास प्रगती नष्ट होऊ शकते. उलटपक्षी, काही जुने खेळ सेव्ह फाइली स्वतःच्या फोल्डरमध्येच ठेवतात. तेथे तो फोल्डर हाताने पुसणे घातक ठरते. 'स्टीम क्लाउड' ही सुविधा अशा फाइलींची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर ठेवते, तथापि ती प्रत्येक खेळाला उपलब्ध नाही. खेळाच्या दुकान-पानावर तिचा उल्लेख नसल्यास सेव्ह फाइलींची प्रत वेगळी काढून ठेवणे आवश्यक असते.

डाउनलोडची प्रक्रिया

स्टीमची सध्याची वितरणपद्धती 'स्टीमपाइप' या नावाने ओळखली जाते. तीत खेळाच्या फाइलींचे सुमारे १ एमबी आकाराचे तुकडे केले जातात. प्रत्येक तुकडा संपीडित आणि कूटबद्ध करून सर्व्हरवर ठेवला जातो. ग्राहकाचा संगणक हे तुकडे मिळवतो, त्यांचे कूट उलगडतो, ते फुगवून मूळ आकारात आणतो आणि डिस्कवर योग्य जागी लिहितो. यांपैकी पहिले काम आंतरजाल जोडणीचे, मधली दोन प्रोसेसरची आणि अखेरचे डिस्कचे असते. साखळीतील सर्वांत मंद दुव्याच्या वेगानेच डाउनलोड पुढे सरकते.

तुकडे संपीडित असल्याने जोडणीवरून येणाऱ्या माहितीपेक्षा डिस्कवर लिहिली जाणारी माहिती अधिक असते. डिस्क मागे पडली, की स्टीम नवे तुकडे मागवणे थांबवते आणि वापरकर्त्याला डाउनलोडचा वेग शून्यावर आलेला दिसतो. 'डाउनलोड्स' पानावरील आलेखात नेटवर्क आणि डिस्क यांच्या वेगाचे स्वतंत्र आकडे असतात. नेटवर्कचा वेग चढतो, शून्यावर येतो, पुन्हा चढतो आणि या काळात डिस्क अखंड व्यग्र असते, असे चित्र दिसल्यास दोष डिस्कचा समजावा. अशा वेळी राउटर बंद-चालू करण्याने काहीही साधत नाही. खेळ एसएसडीवर उतरवून नंतर हार्ड डिस्कवर हलवणे हा त्यावरील साधा उपाय आहे. गिगाबिट जोडणी आणि जुना प्रोसेसर असल्यास अडथळा प्रोसेसरचाही असू शकतो. विंडोजच्या 'टास्क मॅनेजर'मध्ये ते लगेच दिसते.

अद्ययावतीकरणाच्या वेळी डिस्कवरचा भार विशेष वाढतो. समजा, खेळाची एक फाइल ४० जीबीची असून तिच्यात केवळ २०० एमबीचा बदल झाला आहे. स्टीम बदललेले तुकडे तेवढेच उतरवते, परंतु नवी फाइल जुनीच्या शेजारी संपूर्ण उभी करते आणि न बदललेला भाग जुन्या फाइलीतून उचलते. म्हणजे २०० एमबीच्या डाउनलोडसाठी ४० जीबी वाचले आणि ४० जीबी लिहिले जातात. त्यासाठी तितकी मोकळी जागाही तात्पुरती लागते. छोटे अद्ययावतीकरण अर्धा तास अडकून का राहते आणि पुरेशी जागा नसल्याचा संदेश का येतो, याचे उत्तर येथे मिळते.

प्रकाशनापूर्वी उतरवून ठेवण्याच्या, म्हणजे 'प्रीलोड'च्या सोयीतही हेच घडते. फाइली कूटबद्ध अवस्थेत आधी येतात. प्रकाशनाच्या क्षणी त्या उलगडून पुन्हा लिहाव्या लागतात. हार्ड डिस्कवर हे काम इतके रेंगाळते की आधी उतरवल्याचा लाभ पुष्कळसा वाया जातो.

वेगाची एकके

जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये (एमबीपीएस) सांगितला जातो, तर स्टीम तो मेगाबाइटमध्येही दाखवू शकते. एका बाइटमध्ये आठ बिट असल्याने १०० एमबीपीएसची जोडणी सेकंदाला कमाल १२.५ एमबी देते. हा आकडा पाहून अनेकजण सेवादात्याकडे तक्रार करतात. तेथे तक्रारीचे कारणच नसते. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये हवे ते एकक निवडता येते. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर १५० जीबीचा संपीडित मजकूर उतरण्यास, वेग पूर्ण मिळाल्यास, ३ तास २० मिनिटे लागतात.

जोडणीतील दोष

डिस्क आणि प्रोसेसर निर्दोष आढळल्यावरच जोडणीकडे वळणे योग्य. प्रथम स्टीमचीच सेटिंग्ज पाहावीत. वेगावर मर्यादा घातलेली असू शकते, तसेच खेळ चालू असताना डाउनलोड थांबण्याची व्यवस्था मुळातच चालू असते. 'डाउनलोड रीजन' म्हणजे कोणत्या भागातील सर्व्हरकडून माहिती घ्यायची ते ठिकाण. भारतासाठीच्या यादीत मुंबईचा समावेश आहे. गर्दीच्या वेळी जवळचे दुसरे ठिकाण निवडल्यास फरक पडू शकतो. फार दूरचे ठिकाण निवडून वेग वाढेल, अशी अपेक्षा मात्र सहसा फोल ठरते. 'डाउनलोड कॅशे' रिकामा करण्याचा पर्याय अडकलेले डाउनलोड सोडवण्यास उपयोगी पडतो. त्याने बसवलेले खेळ पुसले जात नाहीत. केवळ पुन्हा लॉग-इन करावे लागते.

वेगचाचणीच्या संकेतस्थळावर उत्तम आकडे येतात आणि तरी खेळ रखडत उतरतो, यात विसंगती नाही. चाचणीचा सर्व्हर बहुधा सेवादात्याच्याच जाळ्यात किंवा त्याच शहरात असतो, तर खेळाच्या सर्व्हरपर्यंतचा मार्ग निराळा असतो.

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात शेजारच्या घरांतील राउटरांची गर्दी असते. दाट वस्तीच्या सदनिकांत हे प्रकर्षाने जाणवते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतींपुढे लवकर क्षीण होतो. तार जोडणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. तारेने जोडूनही वेग ९५ एमबीपीएसच्या आसपास अडत असेल, तर तारेची एखादी जोडी तुटलेली असण्याचा संभव असतो, कारण गिगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात आणि १०० एमबीपीएसला दोन पुरतात. घरातील एखादा फोन छायाचित्रांच्या प्रती वर चढवत असल्यास चढती वाट भरून जाते आणि त्याचा फटका उतरत्या वेगालाही बसतो. विंडोजचे 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'ही इतर संगणकांना अद्ययावतीकरणे पुरवत असते. ते बंद करता येते.

विषाणुरोधक प्रणाली लिहिली जाणारी प्रत्येक फाइल तपासते. लायब्ररीचा फोल्डर तपासणीतून वगळल्यास वेग वाढतो. पण अनधिकृत स्रोतांकडून घेतलेले मॉड त्याच फोल्डरमध्ये ठेवले जात असतील, तर ही सवलत देणे धोक्याचे आहे. डाउनलोडनंतर खेळ सुरू होत नसल्यास फाइलींची अखंडता पडताळण्याचा पर्याय वापरावा. त्यात सदोष भागच नव्याने उतरवले जातात; हाताने बदललेल्या फाइलीही त्यामुळे मूळ स्वरूपात येतात.

मर्यादित डेटा असलेल्या जोडण्या

भारतात अनेक घरांत संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. दिवसाला २ जीबी डेटा मिळत असेल, तर १५० जीबीच्या खेळाला अडीच महिने लागतील आणि त्या काळात त्या डेटाचे दुसरे काहीही करता येणार नाही. अशा वापरकर्त्याच्या दृष्टीने खेळ पुसणे ही किरकोळ कृती राहत नाही. स्वयंचलित अद्ययावतीकरणांची वेळ ठरवून ती रात्रीपुरती मर्यादित करता येतात, किंवा खेळ सुरू करीपर्यंत लांबवता येतात.

२०२३ मध्ये स्टीमने स्थानिक जाळ्यातून खेळ पाठवण्याची सोय आणली. एकाच घरातील किंवा वसतिगृहातील एका संगणकावर खेळ असल्यास दुसरा संगणक तो थेट त्याच्याकडून घेतो आणि आंतरजालाचा डेटा जवळपास वाचतो. दोन्हीकडे स्टीम चालू असावे लागते आणि सेटिंग्जमध्ये परवानगी द्यावी लागते. मित्राच्या संगणकावरून बाह्य ड्राइव्हवर फोल्डर आणण्याची जुनी पद्धतही वर सांगितल्याप्रमाणे चालते. अर्थात खेळ स्वतःच्या खात्यावर असला पाहिजे.

इतर मंच

एपिक गेम्स स्टोअरच्या खेळांसाठी एक हस्तकौशल्याची युक्ती प्रचलित आहे. खेळाच्या फोल्डरचे नाव बदलायचे, नव्या जागी खेळ बसवण्यास सुरुवात करून लगेच थांबवायचे, जुन्या फाइली नव्या फोल्डरमध्ये टाकायच्या आणि मग काम पुढे चालू करायचे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ॲपमधून घेतलेले जे खेळ 'विंडोजॲप्स' या कुलूपबंद फोल्डरमध्ये जातात, ते हाताने हलवणे टाळावे; ते विंडोजच्या सेटिंग्जमधून हलवता येतात. पोलंडमधील जीओजी हे दुकान बहुतेक खेळांची स्वतंत्र स्थापना-फाइल देते. ती एकदा उतरवून कोणत्याही ड्राइव्हवर ठेवली, की आंतरजालाविनाही त्या खेळाची पुनःस्थापना करता येते.